हॉलची रेती

बाल्कनीखाली शिडीवर उभी राहून मी हातोडीने बीम ठोकत होते. खाली दामूकाका मान वर करून ऐकत होते.

चांगलं काँक्रीट ठोकलं की टणटणीत वाजतं. आतून सुटलं असेल तर भद्द आवाज येतो, जास्त पिकलेल्या कलिंगडावर टिचकी मारल्यासारखा. जिथे तसा आवाज येतो तिथे मी खडूने गोल करते. पहिल्या बीमवर चार गोल झाले, दुसऱ्यावर सात. तिसऱ्यावर मी गोल करणं सोडून दिलं, कारण गोलांच्या मधली जागाच कमी उरली होती.

"बाय, जरा हलू मार ना," काका खालून म्हणाले. "लागल त्याला."

"काका, माझ्या हातोडीने काही होत नाहीये. आहे ते आधीचंच आहे."

"ते म्हायत हाय मला. तरी हलू मार."

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. पालघरला ऑफिस आहे. नवीन इमारतींची डिझाइनं करते, पण गेली बरीच वर्षं जास्त काम ऑडिटचं असतं. म्हणजे जुन्या इमारतीची तब्येत तपासायची आणि ती किती दिवस उभी राहील ते लिहून द्यायचं. तारापूरच्या कारखान्यांच्या शेड, टाक्यांचे पाये, बोईसरमधल्या भाड्याच्या खोल्यांच्या चाळवजा इमारती हे माझं रोजचं गिऱ्हाईक. नाट्यगृह आयुष्यात एकदाच हाताखाली आलं. त्याचीच ही गोष्ट आहे.

पाटीवर त्याचं मोठं नाव होतं, पण रिक्षावाल्यापासून कंपनीच्या जीएमपर्यंत सगळे त्याला 'हॉल' म्हणायचे. साडेआठशे खुर्च्या, वर बाल्कनी, फिरता नसला तरी खोल रंगमंच, मागे सहा मेकअप रूम. विरारच्या वर आमच्या भागात एवढं मोठं दुसरं नव्हतं. सफाळ्याहून, डहाणूहून माणसं नाटकाला यायची आणि शेवटची गाडी पकडायला तिसऱ्या अंकाच्या मध्येच उठायची. मुंबईहून येणाऱ्या नटांना हे ठाऊक झालं होतं. बोईसरचा प्रयोग असला की ते तिसरा अंक थोडा पळवायचे.

हॉल सरकारने बांधलेला नव्हता. एमआयडीसी आली, वीज प्रकल्प आला, आणि सांगली, जळगाव, नांदेडकडची माणसं इथे नोकरीला आली. त्यांना संध्याकाळी करायला काही नव्हतं. किनाऱ्यावरच्या वाडीवाल्या गावांना मात्र नाटकाचं वेड जुनंच. दर गावाची यात्रा, दर यात्रेत नाटक, आणि नाटकापायी होणारी भांडणं वर्षभर पुरायची. एरवी नोकरीवाले आणि गाववाले एकमेकांच्या वाटेला जात नसत. नाट्यगृहाच्या बाबतीत ते एका सतरंजीवर बसले आणि ट्रस्ट निघाला. कंपन्यांनी सिमेंट आणि सळया दिल्या. डोंगराकडच्या गावांनी खडी फोडून दिली. किनाऱ्यावरच्या सात गावांनी रेती दिली. हे सगळं फॉयरमध्ये संगमरवरी पाटीवर कोरलेलं होतं, गावांच्या नावांसकट.

उद्घाटनाला त्या सात गावांनी मिळून बसवलेलं नाटक झालं. दामूकाका त्यात पोलीस पाटील होते. नाटक संपलं आणि ते हॉलमध्येच राहिले. आधी पडदा ओढायला, मग लाइटवर, मग मॅनेजर म्हणून. मी त्यांना भेटले तेव्हा ते पंच्याहत्तरीच्या पुढे होते आणि मॅनेजरचा पगार कधीच बंद झाला होता. चावी त्यांच्याकडेच असायची.

नाटकं वर्षाला पंधरा-वीसच व्हायची. बाकीचे दिवस हॉल जे म्हणाल ते करायचा. शाळांची गॅदरिंगं, कंपन्यांचे सेफ्टी वीक, युनियनच्या सभा, ऑर्केस्ट्रा, छठपूजेच्या आधीची बिहारी मंडळींची मीटिंग, साड्यांचे सेल. मतमोजणी झाली ती इथेच. वादळाचा इशारा आला की किनाऱ्यावरची माणसं बसने इथे आणून ठेवायचे. कोळणी पहिल्या रांगेत टोपल्या मांडीवर घेऊन बसायच्या, आणि काका स्टेजचा पडदा उघडून ठेवायचे. बंद पडद्याकडे बघत बायांनी दिवसभर कसं बसायचं, असं त्यांचं म्हणणं होतं. कोविडमध्ये लस हॉलमध्येच टोचली. स्टेजवर टोचायचे आणि खाली खुर्चीत अर्धा तास बसवायचे. मीही समोर साडेआठशे खुर्च्या बघत दंड उघडा केला. रंगभूमीवर मी केलेलं काम तेवढंच.

ट्रस्टचे अध्यक्ष माने. मूळचे सांगलीकडचे, फिटर म्हणून आले, आता स्वतःचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. माणूस सरळ आणि घाईचा. त्यांनी मला फोन केला तेव्हा पावसाळा नुकताच संपला होता.

"मॅडम, बाल्कनीखालचं प्लास्टर पडलंय दोन ठिकाणी. तेवढं बघून सेफ म्हणून लिहून द्या की. डिसेंबरात गावांच्या नाट्यस्पर्धा आहेत."

"बघायच्या आधीच सेफ कसं लिहू?"

"बघा की, बघू नका कोण म्हणतंय? फक्त बघून झाल्यावर सेफ लिहा."

ते हसले. मीही हसले. क्लायंट असंच बोलतात.

हातोडीचा हिशोब वाईट निघाल्यावर मी कोअर काढायचं ठरवलं. कोअर म्हणजे काँक्रीटमधून मशीनने कापून काढलेला दंडगोल, पाण्याच्या पेल्याएवढा जाड आणि वीतभर लांब. मशीन चालवणारा रामसूरत माझ्याबरोबर पंधरा वर्षं आहे. मूळ आजमगढचा, बोलणं कमी. काँक्रीटकडे बघून त्याचं वय आणि कंत्राटदाराची नियत दोन्ही सांगतो.

त्याने तिसरा कोअर बादलीत धुतला, उजेडात धरला आणि मला हाक मारली.

"मॅडम, जरा देखिए. इसमें तो सीप है."

करड्या काँक्रीटमध्ये नखाएवढे पांढरे तुकडे होते. शिंपल्याचे. मी पेनाच्या टोकाने एक उकरून काढला. मग पहिले दोन कोअर पुन्हा धुवून बघितले. त्यांतही होते.

"और निकालूँ?" रामसूरतने विचारलं.

"निकालो. कॉलम में से भी. स्टेज के पीछे से भी."

सगळीकडे शिंपले निघाले. दामूकाका शेजारी उभे होते. त्यांनी एक कोअर हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, अंगठा फिरवला. मग पंपाचं पाणी बघून येतो म्हणाले आणि गेले ते आम्ही सामान आवरेपर्यंत परत आले नाहीत.

इथे थोडं समजावून सांगायला हवं. काँक्रीटमध्ये सळया असतात. चांगल्या काँक्रीटमध्ये त्या गंजत नाहीत. मीठ मिसळलं तर गंजतात. गंजलेली सळई फुगते आणि भोवतालच्या काँक्रीटला आतून फोडते. आमच्या किनारपट्टीत मीठ दोन वाटांनी येतं. एक वाट हवेची. ते मीठ बाहेरून आत शिरतं, त्यामुळे पृष्ठभागाशी जास्त आणि आत कमी असतं. दुसरी वाट बांधतानाचीच. समुद्राची रेती गोड्या पाण्याने न धुता वापरली, तर मीठ पहिल्या दिवसापासून सगळीकडे सारखं असतं. कुठलं मीठ आहे ते ओळखायला वेगवेगळ्या खोलीवरची पूड काढून लॅबला पाठवतात.

लॅबचा रिपोर्ट आला. वर, मध्ये, आत, सगळीकडे आकडा जवळजवळ सारखा होता. आणि मर्यादेच्या बराच वर होता.

बाहेरून शिरलेल्या मिठावर काही उपाय करता येतात. अंगभर मुरलेल्या मिठावर करता येत नाहीत. खराब भाग तेवढा काढून तिथे नवीन काँक्रीट भरलं, तर नव्याच्या कडेला जुन्या खाऱ्या काँक्रीटमधली सळई आणखी जोरात गंजते. बाहेरून इमारत नवी दिसते आणि आत काम दुप्पट वेगाने बिघडत असतं. त्यातून बाल्कनी. बाल्कनी म्हणजे भिंतीतून पुढे काढलेला हात. तिचा सगळा भार वरच्या बाजूच्या सळया धरून ठेवतात, आणि त्या खुर्च्यांच्या पायऱ्यांखाली झाकलेल्या असतात. खालून ठोकून त्यांचं काही कळत नाही. काकांच्या हॉलमध्ये खालच्या सळयांची ही दशा होती. वरच्यांची वेगळी असण्याचं कारण नव्हतं.

मी मसुदा लिहिला. शेवटी तीन वाक्यं होती. मूळ बांधकामात न धुतलेली समुद्राची रेती वापरली गेल्याने इमारत दुरुस्तीपलीकडे गेली आहे. वापर तात्काळ बंद करावा. इमारत पाडावी.

त्यानंतर मी एक चूक केली. रिपोर्ट आधी क्लायंटच्या हातात जातो, हा आमच्या कामाचा नियम आहे. पण दामूकाकांना हे भर मीटिंगमध्ये ऐकावं लागू नये, असं मला वाटलं. मी त्यांना फोन करून ऑफिसला बोलावलं.

ते दुसऱ्या दिवशी सकाळी बोईसरहून आले. पिशवीत घरच्या वाडीतले चिकू. खुर्चीच्या टोकावर बसले.

"काय निघाला?"

मी सांगितलं. सगळं, पाडण्यासकट.

त्यांनी पाडण्याबद्दल काहीच विचारलं नाही. म्हणाले, "रेतीचा लिवलास?"

"लिहावंच लागेल. तेच कारण आहे."

"ती रेती माज्या हातची हाय."

मला आधी कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. सात गावांच्या बैलगाड्या आणि दोन ट्रॅक्टर. रेती गोळा करून साइटवर पोचवायचं काम काकांकडे दिलेलं होतं, कारण ते तरुण होते आणि सातही गावांत त्यांना ओळखत होते.

"इंजिनेर सांगून गेला होता, गोड्या पाण्यानं दोनदा धुवा म्हणून. कागदावर लिवून दिला होता. मे म्हयना होता, बाय. विहिरीला तल दिसत होता. बाया हंडा घेऊन रांगेत बसायच्या. आता रेती धुवू का पोरांना पाजू?"

"मग?"

"मग काय. गाडी भरली की वरून एक बादली मारायची. वली दिसली पायजे. साइटवर इंजिनेरानं विचारला, दामू, धुतली काय? मी बोल्लो, धुतली. त्यानं सही केली."

"हे कोणाकोणाला माहीत आहे?"

"गाडीवाल्यांना. गेले ते सगले. आता मीच."

मी चहा मागवला. त्यांनी घेतला नाही.

"पाणी लिव, बाय. गच्ची गलते, ते काय खोटा नाय. दर पावसाला गलते. गच्चीचा लिव."

"काका, मी रिपोर्टमध्ये खोटं लिहीत नाही."

"खोटा नको लिवू. कमी लिव. सात गावांची नावा लागलीत तिथे. आमी फुकट दिली, हौसेनं दिली. पोरांना काय सांगू मी, आज्यांनी मीठ घातला म्हणून?"

मी त्यांना हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. ते गेल्यावर मसुदा उघडला आणि शेवटची तीन वाक्यं बदलली. काँक्रीटमधील क्लोराइडचे प्रमाण मर्यादेपेक्षा अधिक आढळले. दुरुस्ती दीर्घकाळ टिकेलच असे नाही. ट्रस्टने पुनर्बांधणीचा विचार करावा.

यातला प्रत्येक शब्द खरा होता. रेती हा शब्द नव्हता. 'तात्काळ' नव्हता. लॅबचा तक्ता मागे जोडलेला होता. ज्याला वाचता येतो त्याने वाचावा, अशी मी स्वतःची समजूत घातली. ट्रस्टमध्ये तो वाचता येणारं कुणी नव्हतं, हे मला चांगलं माहीत होतं.

मीटिंग हॉलच्याच एका मेकअप रूममध्ये झाली. आरशासमोर लाइनीत खुर्च्या. माने, ट्रस्टी आणि दाराजवळ दामूकाका. मान्यांनी रिपोर्टचं शेवटचं पान तेवढं वाचलं होतं.

"क्लोराइड म्हणजे मीठच की?"

"हो."

"म्हणजे समुद्राच्या वाऱ्यानं आलेलं. होय ना, मॅडम?"

सगळे माझ्याकडे बघत होते. दामूकाका सोडून. ते चावीच्या जुडग्याकडे बघत होते.

मला 'नाही' एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणाले, "किनारपट्टीला हा प्रॉब्लेम सर्रास दिसतो."

खोलीतली हवा लगेच हलकी झाली. माने खुर्चीत मागे रेलले.

"घ्या! आता वाऱ्याला काय नोटीस काढायची? माझ्या वर्कशॉपचे पत्रे बी तसेच खातोय वारा. चांगलं कोटिंग मारून घेऊ, पिलर जाड करून घेऊ."

"मी पुनर्बांधणीचा विचार करा असं लिहिलंय, मानेसाहेब."

"केला की विचार. आत्ता, तुमच्यासमोर केला."

सगळे हसले. दामूकाकाही. मी कागद गोळा केले.

ट्रस्टने दुरुस्तीसाठी एक एजन्सी आणली. त्यांच्या माणसाने येऊन बघितलं आणि समुद्राचा वारा हेच कारण सांगितलं, कारण त्याला तेच सांगण्यात आलं होतं. खराब भाग फोडले, नवीन काँक्रीट भरलं, कॉलमना जॅकेट केलं. जॅकेट म्हणजे जुन्या कॉलमभोवती नव्या सळया आणि काँक्रीटचा थर. वरून रंग. पैसे पुन्हा लोकांनीच दिले, कंपन्यांनी आणि गावांनी. मी मान्यांना एक पत्र पाठवलं, की आतल्या थराची क्लोराइड टेस्ट एजन्सीकडूनही करून घ्यावी. उत्तर आलं नाही. मी फोन केला नाही. पत्राची कॉपी मात्र फाइलला लावली. आमच्या धंद्यात ही सवय फार लवकर लागते.

हॉल पुन्हा उघडला त्या कार्यक्रमाला मी गेले होते. दामूकाकांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. त्यांनी मला बाल्कनीखाली बसवलं. मी पाठीचं कारण सांगून पुढच्या रांगेत जाऊन बसले.

पुढचा पावसाळा निघाला. त्याच्या पुढच्या पावसाळ्यानंतर, एका दुपारी, अंगणवाडी सेविकांचं ट्रेनिंग चालू असताना बाल्कनीच्या तळाचा एक तुकडा खाली आला. स्वयंपाकाच्या ओट्याएवढा. जिथे नवीन काँक्रीट संपत होतं आणि जुनं सुरू होत होतं, बरोबर त्या रेषेवर तुटला. एका बाईच्या खांद्यावर पडला. खांद्याचं हाड आणि मनगट गेलं.

मी हॉस्पिटलमध्ये तिला भेटायला गेले. सफाळ्याच्या आतल्या गावातली होती, माझ्याच वयाची. मी कोण ते सांगितलं. तिला त्यातून फारसं काही कळलं नसावं.

"मी पुढं बसनार होते," ती म्हणाली. "पन मागं पंखा होता ना, म्हणून तिकडं बसले." मग विचारलं, "ताई, हात वर जाईल ना माजा? पोरांना उचलून घ्यावं लागतं आमाला."

"डॉक्टर सांगतील," मी म्हटलं. डॉक्टरांनी मला बाहेर आधीच सांगितलं होतं.

पोलिसांनी ऑफिसात येऊन माझा रिपोर्ट मागितला. इन्स्पेक्टरने दोनदा वाचला. 'विचार करावा' या शब्दांखाली पेन्सिलने रेघ मारली. मग पत्राची कॉपी बघितली.

"तुम्ही तर सांगितलं होतं, मॅडम. तुमचं काही नाही यात," तो म्हणाला आणि फाइल बंद केली. माझं त्यात काय होतं ते मी त्याला सांगितलं नाही. कायद्याने त्याला ते लागत नव्हतं.

हॉल सील झाला. ट्रस्टने मला परत बोलावलं. या वेळी मीटिंग मान्यांच्या वर्कशॉपमध्ये होती, बाहेर ग्राइंडर चालू. अकरा माणसं होती. या वेळी मी मसुद्यातली मूळची, बदलण्याआधीची तीन वाक्यं वाचून दाखवली. रेती या शब्दाला माझा आवाज बदलला असेल, पण ग्राइंडरमध्ये कुणाला कळलं नाही.

दामूकाका उभे राहिले.

"रेती धुतली नव्हती," ते म्हणाले. "माज्या हाताखाली होती. इंजिनेरानं विचारला तवा मी धुतली बोल्लो. खोटा बोल्लो. बाईंना मीच सांगितला होता, लिवू नका म्हणून."

मी पुढे काय होईल याची वाट बघत होते. इतक्या वर्षांची गोष्ट होती. सात गावांची अब्रू होती. तिच्यासाठी एक माणूस आयुष्यभर गप्प राहिला होता आणि मी एका मीटिंगपुरती गप्प राहिले होते.

एक ट्रस्टी मोबाइलवर मेसेज टाइप करत होता. त्याने मान वर केली आणि परत खाली घातली. दुसरा किनाऱ्यावरच्याच एका गावचा तरुण ट्रस्टी होता. त्याचा आजा त्या गाड्यांवर असणार. तो म्हणाला, "बसा ना काका. त्या टायमाला कोण धुवायचा रेती? आमच्या घरालापण तीच हाय."

"काका, आता काय उपयोग?" माने म्हणाले. रागाने नाही. दमून. "बसा. चहा घ्या."

काका उभेच होते. त्यांना अजून कुणीतरी काहीतरी म्हणेल असं वाटत असावं. शिवी द्यावी, निदान विचारावं. कुणी काही म्हटलं नाही. विषय पाडकामाच्या परवानगीवर गेला.

मीटिंग संपल्यावर माने माझ्याबरोबर गेटपर्यंत आले.

"मॅडम, एक सांगा. पहिल्या वेळीच हे असं सांगितलं असतं तर?"

"तर दुरुस्तीला जमलेलं नवीन हॉलला लागलं असतं."

"तवा लोक देत होते हो." त्यांनी गेटच्या बिजागरीवरचा गंज नखाने खरवडला. "एकदा बांधायला दिलं. एकदा दुरुस्तीला दिलं. आता तिसऱ्यांदा कुणाच्या दारात जाऊन उभा राहू? मी गेलो बी असतो. पण त्या बाईचा हात बघितलाय लोकांनी."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते वर्कशॉपमध्ये परत गेले.

दामूकाका रिक्षा स्टँडवर भेटले. शिफ्ट सुटली होती, कंपन्यांच्या बसेस एकामागून एक जात होत्या.

"कोनी काय बोल्लाच नाय," ते म्हणाले.

"नाही."

"एवढाच होता तर तवाच सांगितला असता मी." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू तरी कशाला ऐकलास माजा, बाय? तू शिकलेली."

त्यांची रिक्षा भरली आणि निघाली. त्यानंतर मी त्यांना दोनदा फोन केला. त्यांच्या सुनेने उचलला. काका वाडीत गेलेत, असं दोन्ही वेळा सांगितलं.

हॉल पाडला. प्लॉटला पत्र्याचं कुंपण आहे. मुंबईची नाटकं विरारपर्यंत येतात आणि तिथूनच परत जातात. सात गावांच्या यात्रांतली नाटकं एकेक करत बंद पडत होतीच. हॉलवर होणारी त्यांची स्पर्धा थांबली आणि उरलेली एका वर्षात संपली. मतमोजणी एका गोडाऊनमध्ये होते. वादळाच्या वेळी माणसांना शाळांच्या वर्गांत ठेवतात.

माझ्या कामात मी दोन बदल केले. रिपोर्टची पहिली ओळ कारणाची असते आणि तिच्यात 'विचार करावा' हे शब्द नसतात. आणि क्लायंटने मीटिंगमध्ये स्वतःच उत्तर सुचवलं, तर मी सगळ्यांत आधी 'नाही' म्हणते. बरोबर असलं तर मागाहून 'हो' म्हणता येतं. उलटं करता येत नाही. माझ्याकडे नव्याने येणाऱ्या इंजिनिअर्सना मी हे सांगते. ते वहीत लिहून घेतात.

शाळांची गॅदरिंगं आता हायवेकडच्या एका लग्नाच्या लॉनवर होतात, मोठ्या पत्र्याच्या शेडखाली. गेल्या वर्षी त्या शेडचं ऑडिट माझ्याकडे आलं. मी कार्यक्रम चालू असतानाच जाऊन तपासलं. शेड मजबूत आहे. स्टेजवर मुलं काय बोलतात ते चौथ्या रांगेच्या मागे ऐकू येत नाही, पण ते माझ्या कामात बसत नाही.